वीस किलोचा दांडा

क्लिफर्ड थॅकरे म्हणतो, वजनं उचलली की हात जड होतात.
अठ्ठ्याहत्तर वर्षांचा आहे, नाक दोनदा बसवलेलं,
बोलताना डावा खांदा अजून हनुवटीपाशी येतो.
"ठोसा पायातून येतो, पोरी. लोखंडातून नाही."
नदीम सालेह काही बोलत नाही,
दांड्याला दोन्हीकडून वीस-वीसच्या चकत्या लावतो.
मधे माझी मुलगी. इरावती. चोपन्न किलो,
सकाळी, उपाशीपोटी, केस ओले नसताना.

रॉदरहॅमचं तळघर, वर गालिच्यांचं दुकान.
मी भिंतीलगतच्या बाकावर, डबा मांडीवर घेऊन.
मला कोणी विचारलेलं नाही,
पण वजनातलं मला थोडं कळतं.
बार्शीत आमचा तराजू काचेच्या पेटीत असे;
पंखा बंद करून, श्वास धरून तोलायचे अण्णा,
गुंजेला गुंज.
इथे मी इस्पितळाच्या औषधखोलीत मिलिग्रॅम मोजते.
आणि कागदावर ठेवतात ते वजन, तेही एकदा
ठेवून आलेय मुकाट्यानं, पासपोर्टाच्या वेळी.
पण हे निराळंच. उचलायचं आणि परत तिथेच ठेवायचं.
ना विकायचं, ना कोणाला द्यायचं.

अकरा आठवडे.
साठवरून पंच्याऐंशीवर गेली.
जिन्यावर तिची पावलं वाजायची, आता वाजत नाहीत
(हे उलट व्हायला हवं होतं ना?)
बरणी माझ्या हातातून न विचारता घेते, उघडून परत देते.
जुन्या जीनमध्ये मांड्या शिरेनात तेव्हा दार लावून रडली,
दुसऱ्या दिवशी तीच जीन आणून म्हणाली,
आई, याची हातमोज्यांना पिशवी शीव.
आणि काटा म्हणाला: पंचावन्न पूर्णांक दोन.

"बघ," क्लिफर्ड म्हणाला, "सांगत होतो."
चोपन्नात बसायचं तर रात्रभर कपात थुंकत बसा.
नदीम म्हणाला, वरच्या गटात खेळू दे. सत्तावन्न.
तिकडच्या मुलींचे हात लांब, हे तो बोलला नाही,
हे मी मनात धरलं.

एका गुरुवारी बॉयलर बंद पडला.
सगळे कोट घालून चहा पीत बसले, आणि क्लिफर्ड सुरू झाला:
सतराव्या वर्षी भट्टीवर. लालभडक सळ्या चिमट्यानं ओढायच्या,
आठ तास. मग चालत घरी. मग इथे, रिंगणात.
"आम्ही कुठे वजनं उचलली?"
नदीम कप ठेवून म्हणाला,
"माझे आजोबा एडनहून येऊन तुमच्याच पाळीत लागले होते.
काय उचलायचे ते? पिसं?"

कोणी हसलं नाही. मग क्लिफर्डच हसला,
खोकला येईपर्यंत.
भट्टीच्या जागी आता मोटारी उभ्या करतात.
मी सहज चकतीवरचा शिक्का वाचला: तैवान.
आख्ख्या जगाला पोलाद पुरवलेलं हे गाव
आता हप्त्यानं लोखंड मागवतं
पोरांच्या पाठीला काहीतरी काम हवं म्हणून.

बार्न्सलीला लढत. मागे बार, मधे लॉटरीची तिकिटं.
दुसऱ्या फेरीत हिचा एक उजवा असा बसला
की समोरची दोरांवर टेकली, क्षणभर
माहेरच्या ओट्यावर टेकावं तशी.
तो लोखंडाचा होता, पायाचा,
की अठरा वर्षांच्या रागाचा?
इतकं बारीक तोलणारा तराजू अण्णांकडेही नव्हता.
तिसऱ्या फेरीत हात खाली आले.
जड झाले म्हणून, की नुसते दमले म्हणून?
कोपऱ्यातले दोघं तेच हात बघत होते
आणि दोघंही "तरी म्हटलं" अशी मान हलवत होते.
दोन विरुद्ध एक. हरली.
गाडीत दोन सँडविच खाल्ली, माझंही एक.

सोमवारी तिची विसरलेली पट्टी आणायला गेले.
तळघरात क्लिफर्ड एकटा, बुटक्या स्टुलावर,
तेलाच्या फडक्यानं एकेक चकती पुसत.
मला बघून हात थांबला नाही.
"गंजतात," म्हणाला.
मी दुसरं फडकं घेतलं.